लाल दोऱ्याच्या शेंगा

मुंबईहून ते भुईमुगाचं बी आलं तेव्हा मला त्या केंद्रात नोकरीला लागून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. कोल्हापूर शहर दक्षिणेकडे संपतं आणि उसाचे फड सुरू होतात, तिथं आमचं लहानसं शेती संशोधन केंद्र होतं. कौलारू ऑफिस, शेजारी बियाण्याची खोली, एक विहीर आणि चढावर तांबड्या मातीचे वाफे. ऑफिसात मी एकटीच बाई. वनस्पतिशास्त्राची पदवी होती, पण नेमणूक हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा कागद यायचा आणि तो येईपर्यंत नोकरी राहिली की गेली ते कळायचं नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात एकच घोषा होता: शिका. माझी नोकरी गेली असती तर ती एकट्या माझी गेली नसती, एवढं मला पक्कं माहीत होतं.

बी चार कापडी पिशव्यांतून आलं. तीन पिशव्यांतलं बी किरणांखाली ठेवलेलं होतं. पिवळ्या दोऱ्याच्या पिशवीला कमी किरण, निळ्या दोऱ्याच्या पिशवीला त्याहून जास्त आणि लाल दोऱ्याच्या पिशवीला सगळ्यांत जास्त. चौथीचा दोरा पांढरा. ते साधं बी, तुलनेसाठी. मी चारही पिशव्यांतले दाणे एका ताटात चार ढीग करून ओतले. काही फरक दिसेना. बाजारातून आणावेत तसे गुलाबी दाणे. आमचा मुकादम दारातच उभा राहिला, आत येईना.

साहेब हसले. ते आमचे मुख्य, पन्नाशीचे, आटपाडीकडच्या कोरडवाहू गावातून वर आलेले. मला म्हणाले, "क्ष-किरणांनी फोटो काढून आलेल्या माणसाशेजारी बसायला तू घाबरतेस का?"

"नाही."

"मग याला कशाला घाबरायचं? किरण आले आणि गेले. बियांत ते राहात नाहीत. फक्त जाता जाता आत काहीतरी हलवून गेलेत. कुठं काय हललं, ते पेरल्याशिवाय कळायचं नाही."

"आणि जे हललं ते चांगलंच असेल कशावरून?"

"बहुतेक वाईटच असणार," ते शांतपणे म्हणाले. "रोपं खुरटतील, वांझ निघतील, मरतील. पण एखाद्याचा दाणा टपोरा निघेल, एखाद्याला तेल जास्त सुटेल. त्या एखाद्यासाठी आपण बसलोय."

दुष्काळ नुकता सरला होता. गोडेतेलासाठी माझ्या सासूबाई बरणी घेऊन रेशनच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि पुष्कळदा रिकामी बरणी घेऊन परत यायच्या. साहेबांचं म्हणणं मला मनापासून पटलं. आजही त्यांची चूक त्यात होती असं मी म्हणत नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "बायकांना काय सांगायचं?"

"काही सांगू नकोस. किरण म्हटलं की लोकांना जपानचा बॉम्ब आठवतो. उद्या एक बाई कामावर यायची नाही. शेंगा मोजलेल्या आहेत, खायच्या नाहीत, एवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रोजंदारीवर आठ बायका होत्या. त्यांतली एक गडहिंग्लजच्या पलीकडची, पार कर्नाटकाला टेकलेल्या गावातली. नवरा इकडे गुऱ्हाळावर कामाला, म्हणून ती इकडे. आईला ती अव्वा म्हणायची आणि मला, मी तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी असूनही, अक्का. बाकीच्या बायका बाईसाहेब म्हणायच्या. तिनं पहिल्याच आठवड्यात अक्का म्हणायला सुरुवात केली आणि मला ते आवडलं. प्रत्येक रोपाला नंबराची पत्र्याची चकती बांधायचं काम मी तिला दिलं. शाळेत गेलेली नव्हती, पण माझ्याशेजारी बसून महिन्याभरात ती आकडे वाचायला शिकली. पुढं पुढं तर चकती उलटी लागली असेल तर मला सांगायची, "अक्का, ह्यो सहा न्हाई, नऊ हाय की."

तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, खुरपता खुरपता, वर न बघता.

त्या पावसाळ्यात लाल दोऱ्याचा वाफा बघवत नव्हता. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याची पानं चुरगळलेली, एकेक रोप वितीएवढं होऊन थांबलेलं. निळ्या आणि पिवळ्या दोऱ्याचे वाफे बरे होते. साहेब रोज संध्याकाळी ओळींतून फिरायचे आणि म्हणायचे, खरी गंमत पुढच्या पिढीत. ह्या रोपांच्या पोटात काय आहे ते त्यांच्या शेंगा पेरल्यावर दिसेल.

दसऱ्यानंतर काढणी लागली. आमच्याकडे भुईमूग काढताना बायका शेंगा खातातच. कुठल्याही शेतात जा, उपटलेल्या वेलाच्या दोन ओल्या शेंगा तोंडात टाकल्याशिवाय कुणी पुढं सरकत नाही, आणि त्या शेंगा कुठला मालक मोजत नाही. आमच्या वाफ्यात मात्र एकेका रोपाच्या शेंगा वेगवेगळ्या पिशवीत जायच्या, नंबर घालून. बायका तोंड बंद ठेवून काम करत होत्या. मुकादम बांधावर बसून लक्ष ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी ती गडहिंग्लजची दोनदा ओळीबाहेर जाऊन ओकून आली. मी तिला विहिरीजवळच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. तोंड पुसत ती हसली. मग मला कळलं.

"कितवा?"

"तिसरा लागलाय. कुनाला सांगिटलं न्हाई अजून. तुमालाच."

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"काय पोटात ऱ्हात न्हाई, अक्का. भाकरीचा वास आला की हुतंय. निस्ती शेंग खावीशी वाटत्या. वली, मातीची. रातभर तेच डोस्क्यात." मग वाफ्याकडे बघून लगेच म्हणाली, "पर मोजल्याल्या हायत्या. मला ठावं हाय."

पावसात काही चकत्या गळून पडल्या होत्या. कुठल्या रोपाच्या शेंगा ते कळत नाही, म्हणून त्यांचा वेगळा ढीग बियाण्याच्या खोलीमागं लावला होता. संशोधनाच्या दृष्टीनं तो ढीग फुकट. बहुतेक शेंगा लाल दोऱ्याच्या वाफ्यातल्या, कारण खोलगट जागेवरच्या त्याच वाफ्यात पाणी साचलं होतं. मी गेले, दोन ओंजळी उचलल्या, नळाखाली धुतल्या आणि तिच्या पदरात घातल्या.

"खा. ह्या मोजलेल्या नाहीत."

ती खाऊ लागली. इतक्या दिवसांनी काहीतरी चवीनं खातेय, असं तिच्याकडे बघून वाटलं. काढणी संपेपर्यंतचे दहा-बारा दिवस मी रोज तिला शेंगा देत राहिले. मला बरं वाटत होतं. तिच्या पोटात काहीतरी ठरतंय, ते माझ्यामुळे, असंही वाटत होतं. मनात भीतीचा लवलेश नव्हता. साहेबांनी सांगितलं होतं, किरण राहात नाहीत.

जानेवारीच्या शेवटी, विहिरीच्या पाण्यावर, नंबर घातलेल्या पिशव्यांतल्या शेंगांचं बी आम्ही पेरलं. एकेका रोपाची एकेक ओळ. थंडी असल्यानं उगवायला वेळ लागला. एके सकाळी मी वाफ्यावर गेले तर बायका कामाला लागल्या नव्हत्या. लाल दोऱ्याच्या ओळींपाशी घोळका करून उभ्या होत्या.

ओळींमधून मध्येच पांढरी रोपं वर आली होती. फिकट हिरवी किंवा पिवळट म्हणावीत तशी नव्हती ती. देठापासून पानापर्यंत पांढरी, उकडलेल्या अंड्यासारखी. उन्हात त्यांच्या शिरा दिसत होत्या. आजूबाजूला हिरवी रोपं, आणि मध्ये ही.

"कोड फुटल्यागत झालंय बगा," एक जण म्हणाली.

मला पुस्तकातून माहीत होतं. पानातला हिरवा रंग तयार करणारी किल्लीच मोडली की असं होतं. अशी रोपं दाण्यात साठवलेल्या अन्नावर दहा-पंधरा दिवस जगतात आणि मरतात. किरणांनी काम केलं याची ती खूण. साहेब तर वही घेऊन पळतच आले आणि मोजायला बसले. मीही मोजायला बसले. पण मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. पोट आता चांगलंच पुढं आलं होतं. एक हात पोटावर होता.

दुपारी सगळ्या भाकरी खायला बसल्या तेव्हा ती उठून माझ्यापाशी आली.

"अक्का, ही वळ लाल दोऱ्याची न्हवं?"

"हो."

"म्या खाल्ल्याल्या शेंगा कुठल्या दोऱ्याच्या हुत्या?"

तिला आकडे मीच शिकवले होते, रंगही तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. ती विचारत नव्हती. मी खरं बोलते की नाही ते बघत होती.

"त्या बिनओळखीच्या ढिगातल्या होत्या," मी म्हणाले. "कुठल्याही असतील."

"आन् ह्या बियाला काय केल्यालं हाय? मुकादम म्हणतोय, मम्बैला इजंचं काय तरी लावून आनल्यात."

"तसं काही नाही. काही होत नाही त्यानं."

ती म्हणाली, "काय हुत न्हाई, तर आमाला आदी का सांगिटलं न्हाईसा?"

उत्तराची वाट न बघता ती परत जाऊन बसली, पण तिनं भाकरीचं फडकं सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं मला बाईसाहेब म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या दोन महिन्यांत मला झोप अशी लागलीच नाही. लाज वाटते सांगायला, पण आधी मी काय केलं तर त्या ढिगातल्या वाळलेल्या शेंगांचं एक पोतं खोलीत उरलं होतं, त्यातल्या मूठभर शेंगा रोज घरी नेऊन, भाजून, सासूबाईंची नजर चुकवून खाल्ल्या. आठ दिवस. त्यानं काय सिद्ध होणार होतं? मी गरोदर नव्हते. तरी रोज सकाळी उठून मी आरशात बघायचे आणि काही झालं नाही म्हणून थोडी हलकी व्हायचे, आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच. पुस्तकं चाळली. पुस्तकात रोपांचं होतं, उंदरांचं होतं, फळांवरच्या माश्यांचं होतं. पण किरण त्यांच्यावरच सोडलेले. किरण लागलेल्या बियांच्या शेंगा गरोदर बाईनं खाल्ल्या तर काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं, की कुणी बघितलंच नव्हतं म्हणून?

माझे यजमान शाहूवाडीला शाळेत शिक्षक होते, शनिवारच्या एसटीनं घरी यायचे. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू विष दिलेलं नाहीस. ती उपाशी होती, तू खायला दिलंस."

"पण काय आहे ते न सांगता दिलं."

"मग आता सांग."

"आता सांगितलं तर ती पुढचे दोन महिने कशी काढेल?"

ती आधीच कशी काढते आहे, हे मी बघत होते. पांढरी रोपं एकेक करून कोमेजली. ती त्या ओळीत खुरपायला जाईना. मुकादमानं एकदा ओरडून पाठवलं तर ओळीच्या तोंडाशीच बसून राहिली. मेलेलं पांढरं रोप उपटायला तिचा हात पुढं होईना.

मार्चच्या सुरुवातीला ती बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना सगळ्यांना भेटली. मला म्हणाली, "येते, बाईसाहेब." तेवढंच.

त्यानंतर मात्र मला राहवलं नाही. मी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नोकरी जाणार, असं धरूनच सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी रागावले. मोजलेल्या असोत नसोत, शेंगा बाहेर दिल्याच कशा? मग म्हणाले, "तिला काही होणार नाही. शेंग खाल्ली की ती शेंगच. आतल्या खुणा बदलल्या असल्या तरी पोटात गेल्यावर भाकरीसारखीच पचते. रोप पांढरं झालं म्हणून खाणाऱ्याचं मूल पांढरं होत नाही."

"हे खात्रीनं सांगता येईल?"

"शास्त्राप्रमाणे, हो."

"कुणी बघितलंय?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "गरोदर बायकांना मुद्दाम खायला घालून कोण बघणार? असं कुणी करायचंही नसतं."

"आपण केलं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. नोकरीचा विषय काढला नाही, मला जायलाही सांगितलं नाही. थोड्या वेळानं मीच बाहेर आले.

एप्रिल संपत आला होता. एके सकाळी मुकादम सायकल टेकवता टेकवता म्हणाला, "बाई, ती गडिंग्लजची बाळंत झाली. पोरगा झालाय. पर हाताला कायतरी हाय म्हणत्यात."

"काय आहे?"

"ते काय मला ठावं न्हाई. गुऱ्हाळावरचं लोक बोलत हुतं. नवरा तिकडंच गेलाय."

तो दिवस मी कसा काढला, आठवत नाही. वहीत एकाच ओळीची नोंद दोनदा केलेली मला नंतर सापडली. रविवारी पहाटे उठून स्टँडवर गेले. घरून एक झबलं आणि टोपडं घेतलं होतं, ते पिशवीत ठेवताना हात थांबला. झबल्याला बाह्या असतात. त्या बाहीतून कसला हात बाहेर येणार आहे, मला माहीत नव्हतं.

गडहिंग्लजची एसटी खच्चून भरलेली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं? कुणाकडं निगालासा?" मी म्हटलं, "बाळ बघायला." तो म्हणाला, "चांगलं हाय की," आणि झोपला. मला वाटत होतं, गाडी पोचूच नये. घाटाच्या वळणावर इंजिन तापलं, ड्रायव्हरनं गाडी थांबवली, कंडक्टर कॅन घेऊन पाणी आणायला गेला. सगळे कुरकुरत होते आणि मी एकटी सुटल्यासारखी बसले होते. गडहिंग्लजहून दुसरी गाडी आणि पुढं मैलभर पायी. ऊन डोक्यावर आलं होतं.

त्यांचं घर गावाच्या कडेला, तंबाखूच्या रानाला लागून होतं. तिची आई दारात होती. ओळख सांगताच तिनं घागरीतून तांब्याभर पाणी पुढं केलं आणि आत हाक मारली. कानडीत काय म्हणाली ते मला समजलं नाही. मी आत गेले. अंधारी खोली, शेकाचा वास. ती बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ. चेहरा उतरला होता, पण तिनं मला बघून मान हलवली.

मी जवळ बसले. बाळ कापडात गुंडाळलेलं होतं. डोकं, नाक, ओठ, सगळं नीट. उजवा हात बाहेर होता, नीट. डावा आत होता. मी विचारू शकले नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कापड बाजूला केलं.

डाव्या करंगळीच्या बाहेर एक सहावं बोट होतं. चिमुकलं, नखासकट.

पांढरी रोपं डोळ्यांपुढं आली. मी काय पुटपुटले मला माहीत नाही, बहुधा "माझ्यामुळं" असं काहीतरी.

"तुमच्यामुळं न्हाई," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "ह्याच्या आज्याला हाय तसलंच. आन् आत्तीच्या पोरीलाबी. त्यांच्या घरात पिढ्यांपास्नं हाय म्हणं."

तिचा सासरा बाहेरच्या पडवीत बसला होता, नातवाला बघायला आलेला. त्याला मी येताना पाहिलंच नव्हतं. तिनं हाक मारली तसा तो दाराशी आला, हसत डावा हात वर केला आणि करंगळीशेजारचं वाकडं बोट हलवून दाखवलं. "आमच्या घरची खूण हाय बाई ती. नशीबवान असतंय."

मला रडू फुटलं. सासरा गोंधळून परत पडवीत गेला. ती रडली नाही. माझं रडणं थांबेपर्यंत बाळाच्या अंगावरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "तुमाला एक सांगू?"

"सांग."

"बाळ झालं तवा नवऱ्याच्या घरचं कुनी न्हवतं हितं. सुईनीनं हात बगिटला आन् ओरडली. मला वाटलं, शेंग. शेंगच बाधली. लाल दोऱ्याची. सासऱ्याचं बोट तवा ध्यानातच आलं न्हाई. दोन दिस म्या त्येला पाजलं न्हाई, अक्का. अव्वानं साखरंचं पानी घाटलं बोळ्यानं. रडायचा. म्या भितीकडं तोंड करून पडल्याली. तिसऱ्या दिशी सासरा आला, त्येनं हात दाखवला, तवा घेतलं जवळ."

तिनं पुन्हा अक्का म्हटलं होतं. पण त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं नाही.

"आदी सांगिटलं आसतं," ती म्हणाली, "तर कदाचित म्या खाल्ल्याच नसत्या. न्हाईतर खाल्ल्या आसत्या, पर मग माझ्या मनानं. हे दोन दिस तरी झालं नसतं."

मी तेव्हा तिला सगळं सांगितलं. किरण म्हणजे काय, दाण्याच्या आत काय बदलतं, पांढरी रोपं का मेली, साहेब काय म्हणाले, त्यांनाही काय सांगता आलं नाही. मीही त्या शेंगा आठ दिवस खाल्ल्या, हेही सांगितलं. त्यावर मात्र ती हसली. "तुमी कशाला खाल्लासा? येडं का काय?" बाळ रडायला लागलं तसं तिनं त्याला पदराखाली घेतलं आणि मी निघाले. झबलं तिच्या आईनं घेतलं. दोघींपैकी कुणी मला थांबवलं नाही.

बाळानं चांगलं बाळसं धरलं. ते सहावं बोट पुढं डॉक्टरांकडून काढून घ्यायचं की नाही, यावर त्यांच्या घरात वाद झाला आणि सासऱ्यानं काढू दिलं नाही, एवढं मला मुकादमाकडून कळलं. ती मात्र परत कामाला आली नाही. गुऱ्हाळाजवळ उसाच्या खुरपणीला जायची. रस्त्यात दोनदा भेटली, बोलली, पण केंद्राकडं कधी फिरकली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये पेरणीच्या आदल्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, "या वेळी मी बायकांना सांगणार आहे." मी गडहिंग्लजला जाऊन आले ते त्यांना माहीत होतं. ते बराच वेळ कागद चाळत राहिले.

"निघून जातील."

"जाऊ देत."

"मुकादमासमोर सांग. नाहीतर तो दुसरंच काही सांगेल," ते म्हणाले आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

विहिरीजवळच्या सावलीत सगळ्यांना बसवलं. मला भाषण येत नाही. साहेबांचं क्ष-किरणांचं उदाहरण दिलं. बी कुठून आलं, कशासाठी आलं, तेलाचं काय ते सांगितलं. यात माणसाला अपाय नाही असं आम्ही मानतो, पण अजून कुणी नीट तपासून बघितलेलं नाही, म्हणून खायचं नाही, असं सांगितलं. दोघी उठून गेल्या. त्यांतली एक पोटुशी होती. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांतली एक जण म्हणाली, "खायाचं न्हाई म्हंता, पर शेंगांत बसून तोंड शिवून कसं बसायचं? आमाला खायाला साद्या शेंगा लावा की दोन वळी."

साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. पण बांधाच्या कडेला साध्या बियांच्या दोन ओळी पेरल्या गेल्या. काढणीला बायका तिथं जाऊन मनसोक्त खायच्या. मुकादम त्यांना खायच्या ओळी म्हणायचा.

निळ्या दोऱ्यातली एक ओळ त्या वर्षी डोळ्यांत भरण्यासारखी निघाली. दाणा टपोरा, शेंगा एकसारख्या. साहेब त्या ओळीपाशी लहान मुलासारखे बसून राहायचे. मीही बसायचे. आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण आता मी कुठलीही नवी ओळ बघितली की आधी ती पांढरी रोपं आठवायची, मग आनंद.

त्या काढणीच्या वेळची गोष्ट. बायकांत एक वयस्कर होती, राधानगरीकडची, सगळ्यांत कमी बोलणारी. टपोऱ्या दाण्याच्या ओळीत माझ्याशेजारी शेंगा पिशवीत भरता भरता तिनं विचारलं, "बाई, ही शेंग चांगली निगाली म्हंतासा. मग उद्या ही बाजारात जाणार. घेणाऱ्याला कोण सांगणार, हिला काय केल्यालं हुतं त्ये?"

"बाजारात जायच्या आधी पुष्कळ वर्षं जातील," मी म्हणाले. "पुन्हा पुन्हा पेरून बघायची, तपासायची. मगच."

"तपासणार कोण?"

"आम्हीच. म्हणजे आमच्यासारखे लोक."

तिनं एक शेंग हातात धरून उलटीसुलटी केली, पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"मग नीट तपासा," ती म्हणाली आणि पुढच्या रोपाकडं सरकली.

मी त्या ओळीच्या सगळ्या पिशव्या त्या संध्याकाळी पुन्हा उघडून पहिल्यापासून मोजल्या.